उल्काताई आणि दोन मावसबहिणी

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळींत उल्काताईंची ओळख एकाच वाक्यात उरकली जायची: "ही मिलिंदची मिसेस, म्युझियममध्ये पक्ष्यांचं काहीतरी करते."

ते 'काहीतरी' मला आजही सहन होत नाही. मिलिंददादा गाड्यांचे ब्रेक तपासतात. त्यांची ओळख 'गाड्यांचं काहीतरी करतात' अशी कुणी करून दिली नाही. त्यांचं पद, त्यांची टीम, त्यांची पुढची बढती, सगळं सगळ्यांना तोंडपाठ होतं. आणि दक्षिण अमेरिकेतल्या दोन पक्ष्यांबद्दल त्या अख्ख्या शहरात सर्वांत जास्त जाणणारी, त्या पक्ष्यांपायी हाताशी आलेली कायमची नोकरी घालवणारी बाई मात्र 'काहीतरी' करत होती.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचे. पूल बांधायचं शिकायला तिथल्या विद्यापीठात आले होते. आमच्या घरात यंत्रमाग कामगारांची पत्रकं छापली जायची, त्यामुळे मला भाषण पटकन सुचतं आणि ऐकून घेणं उशिरा. पहिल्याच आठवड्यात दाराची बेल वाजली. बाहेर उंच, काटकुळी बाई उभी. पायांत जाड लोकरी मोजे आणि त्यावर कोल्हापुरी चपला. चपलेच्या अंगठ्याने प्रत्येक मोज्याला एकाच जागी भोक पाडलेलं. नमस्कार नाही, नाव नाही.

"खिडकीवर ससाण्याचं स्टिकर तू लावलंस?"

"हो. पक्षी काचेवर आपटू नयेत म्हणून."

"गेनाऊ," त्या म्हणाल्या. "तर ते काढ. पक्ष्याला तो ससाणा वाटत नाही, नुसता काळा डाग वाटतो. डाग चुकवून तो शेजारच्या काचेवर आपटतो. सगळ्या काचेवर दाट ठिपके लाव, नाहीतर पडदा ओढ."

"पण पाकिटावर लिहिलंय की..."

"पाकीट विकणाऱ्याने लिहिलंय. पक्ष्याला विचारून लिहिलेलं नाही."

जर्मन लोक 'गेनाऊ' म्हणतात ते 'अगदी बरोबर' अशा अर्थाने. उल्काताई म्हणायच्या तेव्हा समजावं, की आपलं चुकलंय आणि त्या आता ते सिद्ध करणार. हे कळायला मला महिना लागला. त्या ज्यांच्या हाताखाली काम करायच्या त्या प्रोफेसरांना कधीच कळलं नाही.

त्यांचे पक्षी म्हणजे दलदलीत आणि गवताळ रानात राहणारे, आपल्या साळुंकीच्या आसपास आकाराचे दोन पक्षी. उल्काताई त्यांना 'मावसबहिणी' म्हणत. दोघींचं डोकं आणि छाती तपकिरी, पोट हळदीसारखं पिवळं. समोरून पाहिलं तर एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. फरक पाठीमागे. शेपटीच्या वर, जिथे आपण कंबर म्हणू, तिथे एकीला पिवळा पट्टा आणि दुसरीला तपकिरीच रंग. पिवळीच्या कुशीही पिवळ्या, दुसरीच्या तपकिरी, पण मिटलेल्या पंखाआड कुशी दिसतात थोड्याच. घरात त्यांची नावं 'पिवळकंबरी' आणि 'तपकिरकंबरी' अशी पडली होती. नऊ वर्षांची रेवा, उल्काताईंची मुलगी, मराठी सगळं समजायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. पण ही दोन नावं ती मराठीतच घ्यायची.

तपकिरकंबरीची गंमत अशी, की तिची पिल्लं एकटे आईबाप वाढवत नाहीत. थव्यातले इतरही चोचीत किडे घेऊन येतात आणि परक्या पिल्लांना भरवतात. हे ऐकल्यावर मी भाषण सुरू केलं. सहकार, कष्टकऱ्यांची एकजूट, निसर्गाचा धडा, सगळं आलं त्यात. उल्काताईंनी चहा संपेपर्यंत ऐकलं.

"झालं? त्या पक्ष्याने तुझ्याकडे सभासदत्व मागितलेलं नाही. तो का भरवतो हे अजून आम्हाला नीट कळलेलं नाही, आणि तू त्याचा झेंडाही शिवलास."

पुढे एकदा मी म्हटलं, की या बिचाऱ्यांच्या घरट्यात दुसराच एक काळा पक्षी अंडी घालून जातो आणि या ती उबवतात, म्हणजे तुमच्या प्रोफेसरांसारखंच झालं. लेख तुमचे, पहिलं नाव त्यांचं. त्यावर त्या भडकल्याच.

"त्या काळ्या पक्ष्याला दुसरा मार्गच माहीत नाही. प्रोफेसरांना दहा माहीत आहेत. पक्ष्याची बदनामी करू नकोस."

मंडळाच्या गणपतीत एका वर्षी त्यांना मुलांसमोर बोलायला सांगितलं. चर्चचा भाड्याने घेतलेला हॉल, मागे आरतीची तयारी, पुढे सतरंजीवर मुलं. सूत्रसंचालक साने नावाचे इंजिनियर होते. "वहिनी, पाच मिनिटं फक्त. आणि जरा मजेशीर करा हं." उल्काताईंनी दोन मोठी चित्रं आणली होती, दोन्ही पाठमोरी. मुलांना म्हणाल्या, "सांगा, काय वेगळं आहे?" मुलं बघत राहिली. त्यांना घाई नव्हती, आईबापांना होती. सान्यांनी माईक हातात घेतला. "दोन्ही सेमच दिसतात हो वहिनी! चला, टाळ्या!"

"सानेसाहेब," उल्काताई म्हणाल्या, त्यांना माईक लागायचाच नाही, "तुमच्याकडे दोन बोल्ट सेमच दिसले तर हाताला येईल तो लावता का?"

मागच्या रांगेत हशा पिकला. सान्यांचं तोंड उतरलं. "तसं नाही, बोल्टवर माणसाचा जीव असतो."

"आणि यांच्यावर कुणाचा असतो?"

तेवढ्यात रेवा ओरडली, "डेअर ब्युर्त्सेल इस्ट गेल्ब!" कंबर पिवळी आहे! मग सगळीच पोरं कंबर कंबर ओरडत नाचायला लागली आणि आरती लांबली. मंडळाने उल्काताईंना पुन्हा कधी बोलावलं नाही. सान्यांच्या मिसेस मला म्हणाल्या, "हुशार आहेत गं, पण किती तो आग्रह. पिसाचा रंग तो काय."

पिसाचा रंग तो काय. त्या रंगाने पुढे काय केलं ते सांगते.

उल्काताईंचे प्रोफेसर या दोन मावसबहिणींवर मोठं पुस्तक काढत होते, त्यासोबत म्युझियमचं प्रदर्शन. पुस्तकातला सिद्धांत सुरेख होता. ओल्या दलदलीत राहणारी तपकिरकंबरी मदतीला थवा घेते, कोरड्या गवतात राहणारी पिवळकंबरी जोडीनेच संसार करते. जागा बदलली की कुटुंब बदललं. ऐकायला छान, पाटीवर लिहायलाही छान. पुस्तकावर दुसरं नाव उल्काताईंचं असणार होतं. आणि याच म्युझियममध्ये पक्ष्यांच्या संग्रहासाठी एक कायमची जागा निघाली होती. तिथल्या भाषेत डाउअरश्टेले. दहा वर्षं दोन दोन, तीन तीन वर्षांच्या करारांवर काढलेल्या बाईला ही जागा म्हणजे काय, हे कायम नोकरीवाल्यांना सांगून कळणार नाही. दर कराराच्या शेवटी तुम्ही माणूस आहात की नाही, हे कुणीतरी दुसरं ठरवतं. निवड समितीत प्रोफेसर होते. जागा उल्काताईंचीच, असं सगळे धरून चालले होते.

त्या हिवाळ्यात त्यांनी मला संग्रहात नेलं. औषधाचा उग्र वास, उंच कपाटं, उथळ खण. खणात कापसाच्या डोळ्यांचे पक्षी ओळीने निजवलेले, पायाला चिठ्ठी बांधलेली. सगळे पाठीवर, पोट वर.

"असेच ठेवतात?"

"जगभर असेच ठेवतात. सरळ निजतात, चिठ्ठी वाचता येते, दिसायला नीटनेटकं. पण आता बघ." त्यांनी तपकिरकंबरीच्या खणातला एकेक पक्षी उचलला आणि पालथा निजवला. पहिला तपकिरी. दुसरा तपकिरी. तिसऱ्याच्या कमरेवर पिवळा पट्टा. चौथ्याच्याही. पाचव्याच्याही. हे तिघं एकाच दलदलीतून आलेले. पकडणाऱ्याने घाईत चूक नाव लिहिलं, मागून आलेल्या प्रत्येकाने खण उघडला, पोट पाहिलं, चिठ्ठी वाचली आणि खण बंद केला. इतकी वर्षं. इतके डॉक्टर, इतके प्रोफेसर. उलटं करून पाहायला एक हात लागतो.

मला वाटलं त्या खूश असतील. त्या त्या तिघांच्या चिठ्ठ्यांवरचं दलदलीचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होत्या.

त्याच दलदलीतल्या, तपकिरकंबरीच्या म्हणून नोंदलेल्या घरट्यांच्या जुन्या फिल्म होत्या. कॅमेरा घरट्यासमोर लावलेला. अभ्यासाची पद्धत अशी, की चोचीत किडा घेऊन येणारा पक्षी मोजायचा आणि फिल्म पुढे सरकवायची. येणारे पक्षी मोजून सिद्धांत उभा राहिला होता. उल्काताईंनी रात्रंदिवस बसून जाणारे पक्षी पाहिले. किडा भरवून पक्षी वळतो, आणि उडायच्या आधी क्षणभर पाठ दाखवतो. पिवळी. पुन्हा पिवळी. त्या घरट्यावर राबणारा थवा पिवळकंबरीचा होता. म्हणजे एकटी समजली गेलेली बहीणही एकटी नव्हती. सुरेख सिद्धांताला तळच नव्हता.

त्यांनी प्रोफेसरांना सगळं लिहून कळवलं. प्रोफेसर जेवायला आले. मीही होते, आणि मिरजेहून तीन महिन्यांसाठी आलेल्या मिलिंददादांच्या आई होत्या. प्रोफेसर दुष्ट दिसले असते तर बरं झालं असतं. ते सायकलवर आले, रेवासाठी बोरूचं पेन आणलं, आईंना हात जोडून नमस्कार केला आणि आमटीभात हाताने खाल्ला. आई त्यांच्यावर खूश होत्या.

"उल्का," ते जर्मनमध्ये म्हणाले, मी मराठीत सांगते, "पिसांबद्दल तुझं बरोबर असेलही. पण पुस्तक छपाईला गेलंय, प्रदर्शनाच्या पाट्या तयार आहेत. तर, आधी हे पार पडू दे. दुरुस्ती आपण दोघं नंतर लिहू. तोवर तुझी जागाही पक्की झालेली असेल."

"असेलही नको. कंबर पिवळी आहे की तपकिरी?"

"आत्ताचा प्रश्न तो नाही."

"दुसरा प्रश्नच नाहीये."

मिलिंददादा मध्ये पडले. "उल्का, त्यांना भात वाढ ना."

"त्यांच्या पानात भात आहे, मिलिंद."

आईंनी हळूच विचारलं, "काय म्हणतायत गं ते?" उल्काताईंनी मराठीत सगळं सांगितलं. आईंनी नीट ऐकलं.

"म्हणजे एकीच्या घरात माणसं राबतायत, आणि नाव दुसरीचं लावलंय?"

"हो आई."

"आणि हे यांना ठाऊक आहे?"

"आता ठाऊक आहे."

आईंच्या हातात प्रोफेसरांना वाढायला घेतलेली पुरणपोळी होती. प्रोफेसरांनी हसून ताट पुढे केलं, 'डांके'सुद्धा म्हणाले. आईंनी पोळीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि पोळी परत डब्यात ठेवून झाकण लावलं.

त्यानंतरचे आठवडे मला आठवले की अजून डोकं तापतं. मंडळी सल्ला द्यायला येऊ लागली. सिस्टिममध्ये राहून बदल करावा. बॉसशी वाकडं घेऊ नये. आपण इथे पाहुणे आहोत. सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य: "मिलिंदची नोकरी आहे ना? मग एवढं काय बिघडलं?" म्हणजे गप्प बसली तरी बिघडत नाही आणि नोकरी गेली तरी बिघडत नाही. बाईच्या दहा वर्षांचं कधी काही बिघडतच नाही या लोकांच्या हिशेबात!

मिलिंददादा वाईट नव्हते, थकले होते. एका रविवारी जिन्यात त्या दोघांची बाचाबाची चालली होती, मी वरून उतरत होते.

"अगं, एकदा आत शिर. मग कर ना दुरुस्त सगळं."

"आत शिरायला ज्याच्यावर माझं नाव घालायचं, तेच तर दुरुस्त करायचंय रे."

"दहा वर्षं, उल्का."

"मला माहीत आहे किती ते. मीच काढलीत."

उल्काताईंनी पुस्तकावरून आपलं नाव काढून घेतलं. संग्रहातल्या त्या पक्ष्यांच्या पायांना, जुनी चिठ्ठी तशीच ठेवून, बरोबर नावाची दुसरी चिठ्ठी बांधली, खाली स्वतःचं नाव लिहिलं. कायमची जागा बाहेरून आलेल्या कुणाला तरी मिळाली. त्यांना कुणी काढलं नाही. तिथे कुणी कुणाला काढत नाही. करार संपतो आणि पुढचा येत नाही. कुणाचा आवाज चढत नाही, कुणाला लाज वाटायची वेळ येत नाही, निरोपाला केक असतो. प्रोफेसरांनी केक कापला म्हणे. मला ही सभ्यता उघड्या दंडेलीपेक्षा जास्त चीड आणते.

मी अर्थातच पत्रक लिहिलं. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला दारात उभी राहून वाटणार होते. आधी उल्काताईंना दाखवलं. त्यांनी पेन्सिल घेतली. 'शोषण' खोडलं. 'ज्ञानाचे दलाल' खोडलं. स्वतःचं नाव होतं तिथे तिथे खोडलं. पानभर मजकुरातून तीन वाक्यं उरली: कुठली दलदल, कुठला पक्षी, कंबर कुठल्या रंगाची.

"हे तेवढं खरं आहे," त्या म्हणाल्या. "बाकीचा राग तुझा आहे, तो तुझ्यापाशी ठेव."

"पण तुमच्यावर अन्याय झालाय, ताई!"

"झालाय ना. तो मी बघते. तू दारात ओरडलीस की लोक तुझ्याबद्दल बोलतील, कंबर कोण बघणार?"

मी पत्रक वाटलं नाही. ते पुस्तक आजही विकलं जातं. दुरुस्ती मी दरवर्षी शोधते, अजून कुठे आलेली नाही. मिलिंददादांची बदली झाली आणि ते कुटुंब दक्षिणेकडे गेलं. उल्काताई तिथे शाळेत जीवशास्त्र शिकवतात असं ऐकते. तो राग मी इतकी वर्षं सांगितल्याप्रमाणे माझ्यापाशी ठेवला, आता ठेववत नाही.

उद्घाटनाच्या दिवशी संध्याकाळी मी डार्मश्टाटला नव्या नोकरीसाठी निघणार होते, सामान क्लोकरूममध्ये ठेवून हॉलमध्ये मागे उभी राहिले. हॉल भरलेला होता. भिंतीएवढी पाटी: दोन बहिणी, दोन घरं. एकीभोवती थवा, दुसरी जोडीदाराबरोबर एकटी, दोघींची चित्रं समोरून काढलेली. उल्काताई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, तिकीट काढून आलेल्या, शेजारी मिलिंददादा आणि रेवा. प्रोफेसर गोड बोलले. मग सूत्रसंचालिका म्हणाली, प्रश्न विचारा.

उल्काताईंनी हात वर केला. सगळ्यांत आधी.

माईक एका आजोबांकडे गेला. हे पक्षी पाळता येतात का? प्रोफेसर हसले, लोक हसले. मग एका बाईंकडे, मग एका विद्यार्थ्याकडे. उल्काताईंचा हात वरच होता. सूत्रसंचालिकेने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग प्रोफेसरांकडे. प्रोफेसरांनी घड्याळ पाहिलं. "आणखी प्रश्न नसतील तर," ती म्हणाली, "बाहेर झेक्ट तयार आहे." झेक्ट म्हणजे तिथली फसफसती वाइन. टाळ्या झाल्या. लोक उठले, कोट घेऊ लागले, ग्लासांचा आवाज सुरू झाला. मिलिंददादाही उठले होते. रांगेच्या टोकापर्यंत गेले, वळून पाहिलं, परत आले आणि बायकोच्या शेजारी बसले.

माझ्या रेल्वेगाडीची वेळ झाली होती. दारातून मी मागे पाहिलं. हॉल जवळजवळ रिकामा. प्रोफेसर मंचावर उभ्या उभ्या कागद आवरत होते, नको इतका वेळ आवरत होते. खुर्च्या गोळा करणारा माणूस तिसऱ्या रांगेपाशी येऊन थांबला होता, कारण ती रांग अजून उठली नव्हती. आणि उल्काताई प्रोफेसरांकडे पाहत होत्या, हात वर करून.